गाडीतून उतरू नका: गोव्याच्या रस्त्यांवर बेफाम चालकांशी कसं निभवायचं

रस्त्यावरच्या मारामाऱ्यांचे व्हिडिओ जरा शांतपणे पाहिले की सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. हात उगारला जाण्याआधी कुणीतरी दार उघडून खाली उतरलेलं असतं, नाहीतर दुचाकी स्टँडला लावलेली असते. तोवर हॉर्न, हातवारे आणि शिव्या एवढंच चाललेलं असतं, आणि शिव्यांनी कुणाचं डोकं फुटत नाही. म्हणून इथं जे सांगितलंय ते सगळं त्या एका क्षणाभोवती आहे: उतरायची वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, समोरचाच उतरून आला तर काय करायचं, आणि नंतर पोलीस स्थानकात काय घेऊन जायचं.

गोव्यात अशी वेळ यायला निमित्त पुरतं. पणजीच्या अठरा जून मार्गावर पार्किंग शोधणारा पहिल्या गिअरमध्ये रांगत असतो आणि त्याच्या मागं कामावर पोचायची घाई असलेली पन्नास माणसं. पर्वरीत कामांमुळं अरुंद झालेला रस्ता, म्हापशात शुक्रवारचा बाजार, मडगावात बसस्थानकाबाहेरची कोंडी. डिसेंबरमध्ये जुन्या गोव्याचं फेस्त, मग नाताळ, पुढं कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुका. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तर माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान घेऊन निघालेला प्रत्येकजण घाईत. अशा दिवशी नेहमीच्या वेळेत पोचायचा हिशेब धरलात तर तुम्ही घरातूनच चिडून निघालात असं समजा. सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळेत शहरात शिरायचं असेल तर वीस मिनिटं आधी निघा. पुढचे सगळे उपाय या वीस मिनिटांपेक्षा महाग पडतात.

समोरचा कोण आहे ते आधी ओळखा

वाहन काय करणार हे बहुतेक वेळा ते करण्याआधी दिसतं. काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं असतील तर ती चालकाशिवाय भाड्यानं दिलेली गाडी, म्हणजे रेंट-अ-कॅब किंवा रेंट-अ-बाईक. चालवणारा बहुधा कालच आलाय, रस्ता त्याला फोन सांगतोय आणि फोन उशिरा सांगतोय. हा माणूस वळण डोळ्यांसमोर आल्यावर ब्रेक मारणार, दिवा न दाखवता वळणार, चुकला तर भर रस्त्यात थांबून मागं घेणार. भाड्याच्या स्कूटरवर दोघं असतील आणि मागचा फोन हातात धरून मान वाकवून बसला असेल तर स्कूटर कधीही थांबेल. अशा वाहनाला ओलांडताना वीस-तीस मीटर मागूनच एक छोटा हॉर्न द्या आणि दीड मीटर अंतर सोडून जा. अगदी बाजूला आल्यावर जोरात हॉर्न वाजवलात तर तो दचकून नेमका तुमच्याच बाजूला झुकेल.

पिवळ्या प्लेटची खाजगी मिनीबस हा वेगळा प्रकार. तिचा वेळ मागच्या बसशी चाललेल्या शर्यतीवर ठरतो. कंडक्टर दारात लोंबकळून हात बाहेर काढायला लागला की पुढच्या काही मीटरांत बस थांबणार, मग तिथं थांबा असो नसो. तिच्या डावीकडून कधीच घुसू नका, कारण प्रवासी त्याच बाजूनं उतरतात. उजवीकडूनही लगेच ओलांडू नका, ती न बघता परत रस्त्यात येते. तिच्यामागं थांबायचं असेल तर तिचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतक्या अंतरावर थांबा. एवढ्या जागेत मागं न घेता बाजूनं निघता येतं.

पणजीला मांडवीवरच्या अटल सेतूवर रॅम्प चुकलेला चालक हमखास भेटतो. तो वेग कमी करून कडेला लागला की मागं घेण्याच्या विचारात आहे असं धरून चाला. तुमचाच रॅम्प चुकला तर पुढं जाऊन वळून या, पाचसात मिनिटं जातील. पुलावर मागं घेणाऱ्याला लोक शिव्या देतात ते अगदीच विनाकारण नाही.

अंतर हेच खरं हत्यार

ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढं जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथंच संपले. त्यानंतर कोरड्या डांबरावर थांबायला साधारण २० मीटर आणि ओल्यावर ३५ मीटर लागतात. म्हणजे पावसात एकूण ६० मीटर. जूनच्या पहिल्या सरीत परिस्थिती याहून वाईट असते, कारण उन्हाळाभर साचलेलं तेल आणि लाल धूळ ओली होऊन रस्ता निसरडा झालेला असतो.

रस्त्यावर मीटर मोजत बसता येत नाही, म्हणून सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात 'एकशे एक, एकशे दोन' म्हणा. ते म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात आणि रात्री चारपर्यंत मोजा.

यावर सगळ्यांचा एकच आक्षेप असतो: अंतर सोडलं की कुणीतरी मध्ये घुसतो. घुसू द्या. ताशी ४० च्या वेगात एक गाडी पुढं आली म्हणून तुमचे दोन-तीन सेकंद जातात. पणजी ते मडगाव प्रवासात दहाजण घुसले तरी अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी बंपर टेकवून जागा अडवणारा माणूस रोज कुणाशी ना कुणाशी भांडत असतो.

मागून चिकटणाऱ्याचं काय? मागची गाडी इतकी जवळ आली की आरशात तिचे हेडलाईट दिसेनासे झाले, तर पहिली प्रतिक्रिया ब्रेक मारून दाखवायची असते. ती नको. त्यानं मागून ठोकलं तर चूक त्याची हे बरोबर, पण त्याच्या डॅशकॅममध्ये तुम्ही रिकाम्या रस्त्यावर विनाकारण ब्रेक मारताना दिसलात तर भांडण दोघांचं होतं. त्याऐवजी पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवत न्या, म्हणजे अचानक ब्रेक मारायची गरजच पडणार नाही. मग डावा दिवा दाखवून ॲक्सिलरेटर हळू सोडा आणि त्याला जाऊ द्या. तो ओलांडत असताना वेग वाढवू नका. कित्येक भांडणांचं मूळ इथंच असतं: जायला जागा दिली आणि तो बाजूला आल्यावर मन बदललं.

समोरून अप्पर लाईट मारणाऱ्याला एकदा डिपर द्या. ऐकलं नाही तर विषय सोडा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर ठेवा आणि वेग कमी करा. तुम्हीही अप्पर लावलात तर एका रस्त्यावर दोन आंधळे समोरासमोर. मागच्याचा झोत असेल तर आतल्या आरशाखालची छोटी कळ फिरवा. ती त्याचसाठी असते, आणि बऱ्याच जणांनी ती कधी हलवलेलीही नसते.

गोव्याच्या काही खास जागा

*सर्कल.* नियम सोपा आहे: आत फिरत असलेल्याचा हक्क आधी, म्हणजे तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं. प्रत्यक्षात जो धीट तो आधी जातो. तुमचा हक्क असला तरी आत शिरणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत बसू नका, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. माणूस थांबल्याचं सोंग करतो, चाक करत नाही. बाहेर पडण्याआधी डावा दिवा द्यायची सवय लावलीत तर मागच्याचा निम्मा संशय मिटतो.

*उलट दिशेनं येणारे.* दुभाजक असलेल्या महामार्गावर पुढच्या फटीपर्यंतचं अंतर वाचवायला दुचाकीवाले डाव्या कडेनं उलटे येतात, तेही रात्री बिनदिव्याचे. म्हणून वळणावर आणि उड्डाणपुलाच्या उतारावर अगदी डाव्या कडेला चिकटून वेगानं जाऊ नका. असा समोर आलाच तर त्याच्या अंगावर गाडी घालून 'धडा' द्यायला जाऊ नका आणि आरसा न बघता उजवीकडे झटकाही मारू नका. वेग कमी करा, तो निघून जाईल. कायद्यात उलट दिशेनं चालवणं, लाल दिवा तोडणं आणि हातात फोन धरून चालवणं हे सगळं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीचे वाढीव दंड गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. तालांव (दंडाची पावती) देणं पोलिसांचं काम, तुमचं नाही.

*वाड्यांतले अरुंद रस्ते.* आसगाव, शिवोली, साळगाव, दिवाडी इथं दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला मागं जावंच लागतं. चढावावर चढणाऱ्याला आधी वाट, हा लेखी नियम आहे, कारण चढणीवर थांबून पुन्हा निघणं अवघड आणि मागं घेणं त्याहून. सपाट रस्त्यावर ज्याच्या मागं रुंद जागा जवळ त्यानं मागं घ्यावं. समोर काळ्या प्लेटची गाडी असेल तर शहाणपणानं आपणच मागं घ्या. चिऱ्यांच्या कुंपणामध्ये रिव्हर्स घेणं त्याला जमेलच असं नाही, आणि तो ज्या कुंपणाला घासेल तिथला घरमालक बाहेर आला की मग भांडणात तिसरा माणूस.

*फेरीबोटीची रांग.* रांग मोडून धक्क्यावर गाडी पुढं घुसवणं हे फेरीवरच्या भांडणांचं हमखास कारण. बोट लागली की रांगेनं या, खलाशी हात दाखवील तिथं लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन आणि हेडलाईट बंद करा. ओहोटीला उतारावर शेवाळ असतं, तिथं घाई केलेली दुचाकी आडवी होते.

*झिंगलेला चालक.* पट्ट्यात डोलणं, वळण फार मोठं घेणं, रात्री दिवे न लावणं, विनाकारण ब्रेक मारणं या खुणा. त्याला ओलांडू नका, मागं राहा, निदान पाच-सहा गाड्यांचं अंतर ठेवा. सुरक्षित जागी थांबून ११२ ला फोन करा आणि चार गोष्टी सांगा: गाडीचा नंबर, रंग, कुठून कुठं चाललीय, शेवटचा ओलांडलेला ठळक टप्पा. 'दारू प्यालाय' एवढंच सांगितलं तर गस्तीची गाडी शोधणार कुणाला?

आपण काय करतो

समोरच्याचा पारा चढवणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. हिरवा दिवा लागताक्षणी हॉर्न. काच खाली करून बघणं. ओलांडून पुढं गेल्यावर मुद्दाम वेग कमी करणं. बोट रोखणं. कुणी जागेसाठी दिवा देऊन थांबलाय आणि आपण नाक घालून ती जागा घेणं. यातलं शेवटचं पणजीत फार चालतं, आणि गाडी लावून तुम्ही दुकानात गेलात की टायर सुरक्षित असतील याची हमी नाही.

हॉर्नचा हिशेब साधा ठेवा. 'मी इथं आहे' हे सांगायला एक छोटा हॉर्न, धोका टाळायला लांब हॉर्न, राग दाखवायला काहीच नाही. विनाकारण हॉर्न वाजवण्याला कलम १९४एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुढं २,००० रुपये दंड आहे.

आपली चूक झाली तर हात वर करून पंजा दाखवा आणि मान हलवा, तेही लगेच. पाच सेकंदांनी केलेला तोच हातवारा टोमण्यासारखा वाटतो. चूक आपली नसली तरीही हे चालतं. 'चूक जाली पात्रांव, वच तूं फुडें' (चूक झाली मालक, तू जा पुढं) एवढं हसून म्हटलं की गोव्यातली दहातली आठ माणसं पुढं जातात. उरलेल्या दोघांसाठी खालचा भाग.

आपला स्वतःचा राग चढतोय हे हातांवरून कळतं. स्टीअरिंग घट्ट आवळलं गेलं, जबडा दाबला गेला की तीन-चार वेळा श्वास हळू बाहेर सोडा. आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागू दे. एसी बंद, दुपारचं ऊन, पोटात काही नाही, अशा वेळी कुणाशीही भांडण होऊ शकतं. दहा मिनिटं बाजूला थांबून पाणी प्या. हा उपाय बावळट वाटतो, म्हणून कुणी करत नाही.

तो उतरून आला तर

चारचाकीत असाल तर क्रम असा. दारं लॉक. काच फक्त बोटभर उघडी, आवाज ऐकू जाईल इतकीच. इंजिन चालू, गिअर तयार, हात स्टीअरिंगवर दिसतील असे. पुढं निघायला वाट असेल आणि मध्ये माणूस नसेल तर निघा. माणूस बॉनेटसमोर उभा राहिला असेल तर गाडी तसूभरही पुढं सरकवू नका. त्याचं दमदाटी करणं राहतं बाजूला आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. फोनवर ११२ लावा, स्पीकरवर ठेवा, आणि जागा मोठ्यानं सांगा: 'मेरशी जंक्शनकडून बांबोळीला जाताना, सर्व्हिस रोडवर, अमुक नंबरच्या गाडीनं वाट अडवलीय.' फोन चालू आहे हे ऐकून बरेचजण मागं सरतात. फोन त्याच्या तोंडासमोर धरून व्हिडिओ काढणं मात्र टाळा. त्यामुळं फोन हिसकावला जातो आणि राग दुप्पट होतो.

बोलायचं झालं तर हळू आणि थोडं. 'तुम्हाला लागलं नाही ना? गाडी बाजूला घेऊया. पोलिसांना येऊ द्या.' बस. कोण चुकलं याची चर्चा तिथं करायची नाही. 'मी कोण आहे माहीत आहे का' हे वाक्य दोघांपैकी कुणाच्याही तोंडून आलं की भांडण अर्ध्या तासाचं होतं.

दुचाकीवर काच नाही, म्हणून तिथं हिशेब वेगळा. शक्यतो थांबूच नका. पेट्रोल पंप, बाजार, बँकेचं दार, जिथं माणसं आणि कॅमेरे असतील तिथवर जा. थांबावंच लागलं तर हेल्मेट डोक्यावरच राहू दे आणि इंजिन बंद करून चावी खिशात घाला. रस्त्यावरच्या भांडणात पहिली झडप चावीवरच पडते. चावी त्याच्या हातात गेली की तुम्ही तिथं अडकलात, आणि मग ती परत मिळवायच्या झटापटीत मारामारी सुरू होते. चावी गेलीच तर हिसकावून घ्यायला जाऊ नका, बाजूच्या दुकानात जा आणि फोन करा. मारायला लागला तर स्वतःला वाचवण्याचा हक्क कायद्यानं आहे, पण तो हल्ला थांबेपर्यंतच. तो पळायला लागल्यावर मागून मारलेली लाथ त्यात बसत नाही.

गर्दी जमली की आणखी एक धोका. वाद गोव्याबाहेरच्या नंबरप्लेटच्या गाडीशी असेल तर पाच मिनिटांत तो 'आमचे आणि बाहेरचे' असा होतो, आणि ज्यांचा काही संबंध नाही ते हात उचलतात. गोव्याचे तुम्ही असाल तर गर्दी तुमच्या बाजूनं आहे याचा आनंद मानू नका. त्या गर्दीतल्या कुणी काच फोडली तरी तक्रारीत पहिलं नाव तुमचं येतं.

गाडी मागं लागलीय असं वाटलं तर घरी जाऊ नका, घर दाखवू नका. महामार्ग ६६ वर पर्वरी, आगशी, वेर्णा इथं पोलीस स्थानकं आहेत, पणजीत आझाद मैदानाजवळ आहे. तिथं आवारात गाडी घाला आणि हॉर्न दाबून धरा. एकटी बाई असेल तर ११२ वर तसं स्पष्ट सांगा. गोवा पोलिसांचं महिलांच्या सुरक्षेसाठीचं पिंक फोर्स पथक अशा वेळी येऊ शकतं.

घासलं, ठोकलं: पहिली पाच मिनिटं

हॅझर्ड दिवे लावा. कुणाला लागलं असेल तर आधी १०८. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळं 'पोलीस लफडं नको' म्हणून बघत उभं राहायचं कारण नाही. अपघातात कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर चालकानं थांबणं बंधनकारक आहे. जखमीला उपचार मिळवून देणं आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, पोलिसांना कळवणं हे त्याच्यावरच येतं. भीतीनं पळालात तर साधा अपघात 'ठोकून पळाला' या प्रकारात जातो. जमाव मारायला उठला असेल तर मात्र थेट जवळच्या पोलीस स्थानकात जा आणि तिथं हजर व्हा.

फक्त पत्रा दबला असेल तर गाड्या हलवण्याआधी दोन मिनिटांत फोटो घ्या. दहा पावलं मागं जाऊन चारही बाजूंनी रस्त्यासकट, मग दोन्ही नंबरप्लेट, मग चाकं आणि पांढऱ्या रेषा एका चौकटीत, आणि शेवटी नुकसान जवळून. नुसते पोचे काढलेले फोटो काही सिद्ध करत नाहीत, कारण कोण कुठल्या पट्ट्यात होता ते त्यात दिसत नाही. त्यानंतर गाड्या बाजूला घ्या. दहा मिनिटं रस्ता अडवून वाद घालणाऱ्या दोघांवर मागचे शंभरजण चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

जागच्या जागी पैसे मागितले तर दबावाखाली रोख किंवा यूपीआय करू नका. खरंच आपापसांत मिटवायचं असेल तर साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, दोघांची नावं, रक्कम आणि 'यापुढं दोघांचाही दावा नाही' एवढं लिहून सह्या घ्या. कुणाला जराही लागलं असेल तर असं मिटवू नका, कारण आत लागलेला मार दुसऱ्या दिवशी दुखतो.

विम्याचा दावा करायचा की नाही? कंपनी आधी अनिवार्य रक्कम कापते, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावर २,००० रुपये. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, जो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत गेलेला असतो. तीन-चार हजारांचं काम असेल तर बहुधा खिशातून केलेलं स्वस्त पडतं. जास्त असेल तर २४ तासांत कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर पाहीपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. समोरची गाडी पांढऱ्या प्लेटची असून भाड्यानं घेतलेली आहे असं दिसलं तर पंचनाम्याचा आग्रह धराच. खाजगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे, आणि मालक नंतर ओळख दाखवणार नाही.

डॅशकॅम: घ्यायचा तर नीट लावा

आरशाच्या मागं, काचेच्या वरच्या भागात, वायपर फिरतो त्या पट्ट्यात लावा. नाहीतर पावसात नुसते थेंब दिसतात. गोव्यात उन्हात उभ्या गाडीत काचेजवळ फार तापतं, त्यामुळं आत बॅटरी असलेला कॅमेरा फुगतो. कॅपॅसिटर असलेला घ्या. १०८०पी पुरेसा, कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं ६४ जीबीचं. त्यावर ढोबळमानानं आठ-दहा तासांचं चित्रण मावतं, मग जुनं पुसलं जातं.

लोक फसतात ते जी-सेन्सरमध्ये. धक्का बसला की तो कॅमेरा ती फाईल न पुसता कुलूपबंद ठेवतो. संवेदनशीलता 'हाय' ठेवलीत तर आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि गतिरोधकांवर दर दोन मिनिटांनी एक फाईल कुलूपबंद होते, कार्ड भरतं आणि ऐन प्रसंगी चित्रणच होत नाही. 'लो' वर ठेवा, महिन्यातून एकदा कार्ड फॉरमॅट करा, आणि तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघा. कॅमेऱ्याची वेळ चुकीची असेल तर समोरचा वकील आधी तेच विचारणार.

तक्रार कशी लिहायची

'एका उद्धट चालकानं मला शिवीगाळ केली' अशी तक्रार घेऊन गेलात तर ती अदखलपात्र म्हणून वहीत नोंदली जाते आणि तिथंच राहते. त्याला कारण आहे. भारतीय न्याय संहितेत साधी मारहाण (कलम ११५(२)), धमकी (३५१(२)) आणि चिथावणीखोर अपमान (३५२) हे अदखलपात्र गुन्हे आहेत. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करत नाहीत. पण वाट अडवणं (१२६(२)) आणि बेदरकार वाहन चालवणं (२८१) दखलपात्र आहेत. म्हणून घडलं असेल ते सगळं क्रमानं लिहा: त्यानं गाडी कशी आडवी घातली, किती वेळ निघू दिलं नाही, त्याआधी किती वेगानं आणि कसा चालवत होता. भावनांची विशेषणं गाळा. न घडलेलं एक अक्षरही घालू नका, व्हिडिओत ते उघडं पडतं.

अर्जात तारीख, वेळ, ठळक खुणेसह जागा, तुमची आणि त्याची दिशा, गाडीचा नंबर, रंग, मॉडेल, चालकाचं वर्णन, त्याचे नेमके शब्द, साक्षीदाराचं नाव आणि फोन, चित्रण किती मिनिटांचं आहे, हे सगळं यावं. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. 'आमची हद्द नाही' असं म्हणाले तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीबाहेरचा दखलपात्र गुन्हाही नोंदवावा लागतो. तरीही नकार मिळाला तर तोच अर्ज टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथं काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी इस्पितळात दाखवून कागद घ्या. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा म्हापसा, मडगावचं जिल्हा इस्पितळ, जे जवळ असेल ते. चार दिवसांनी दाखवलेल्या सुजेला अर्थ राहत नाही.

चित्रण व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका. फाईल दाबली जाते, नंबरप्लेट वाचता येत नाही आणि मूळ माहिती पुसली जाते. कॅमेऱ्यातून कार्ड काढा, पाकिटात घालून तारीख लिहून ठेवा आणि कॅमेऱ्यात दुसरं कार्ड घाला. पोलिसांना प्रत द्या. कोर्टात ती चालायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) भरावं लागतं. ते तपास अधिकाऱ्याकडून किंवा वकिलाकडून समजून घ्या. प्रकरण निकालात निघेपर्यंत मूळ कार्ड पुन्हा वापरू नका. आणि तो व्हिडिओ नंबर-चेहऱ्यासकट फेसबुकवर टाकायचा मोह आवरा, नाहीतर तक्रारदार तुम्ही असूनही बदनामीची नोटीस तुमच्याच दारात येऊ शकते.